पुढचं पान कुठाय?

वाचनालयाची वेबसाइट सांभाळणारी बाई पंचावन्नची होती. अख्खं ऑफिस तिला मावशी म्हणायचं. एकेकाळी ती तिथेच पुस्तकांची कार्डं टाइप करायची. कार्डं गेली, कॉम्प्युटर आले, तशी पठ्ठी तेही शिकली. आपल्या कामाबद्दल ती कुणाचं ऐकून घेत नसे.

नवी साइट सुरू झाली त्याच आठवड्यात एका निवृत्त मास्तरांचा फोन आला. त्यांना दिसत नसे. पडद्यावरचं सगळं कॉम्प्युटर त्यांना वाचून दाखवायचा.

"बाई, बोलक्या पुस्तकांच्या यादीत अडकलोय. पुढचं पान कुठाय?"

"खाली ठिपक्यांची रांग दिसते ना..." म्हणता म्हणता मावशीने जीभ चावली.

दुपारीच ती त्यांच्या घरी गेली. मास्तर एकेक बटण दाबत होते आणि यंत्र म्हणत होतं, "लिंक. लिंक. लिंक." बारा वेळा.

"यातलं पुढचं पान कुठलं? सांगा बघू!" मास्तर हसले.

मावशीला सांगता येईना. दर पानाला एक असे ते ठिपके तिनेच हौसेने बसवलेले. तिचे कान तापले, पण हातपाय गाळणाऱ्यांतली ती नव्हती. "तीन दिवस द्या," म्हणाली.

ठिपके गेले, आकडे आले. प्रत्येक आकडा आता स्वतःचं नाव सांगू लागला: "पान चार", "पान पाच". जिथे आहोत त्याच्यापुढे "सध्याचं पान". डोळसांसाठी त्याला नुसता रंग नाही, ठसठशीत चौकटही. दोन्ही टोकांना शब्दांत, "मागचं पान", "पुढचं पान".

ऑफिसात साहेबांनी नाक मुरडलं. "ठिपके काय सुरेख दिसत होते! एका माणसासाठी एवढा खटाटोप?"

मावशीने वाद घातला नाही. साहेबांचा पडदा बंद केला, कानांवर हेडफोन चढवला आणि जुनी यादी लावून दिली. "पान पाच उघडा, साहेब."

"अहो, काय हे लिंक लिंक लावलंय!" साहेब दोन मिनिटांत वैतागले. मग तिने नवी यादी लावली. पान पाच लगेच सापडलं. "बरं, हेच ठेवा," ते पुटपुटले.

तिसऱ्या दिवशी मावशी पुन्हा मास्तरांच्या घरी गेली. त्यांनी पान दोन उघडलं, तर आवाज पुन्हा साइटच्या अगदी वरून सुरू झाला: वाचनालयाचं नाव, पत्ता, वेळा...

"दर पानाला मी दारापासून चालत यायचं होय?"

हे मावशीच्या लक्षातच आलं नव्हतं. "थांबा, इथेच करते," म्हणत तिने त्यांच्याच टेबलावर आपला लॅपटॉप उघडला. तासाभरात काम झालं. पान बदललं की आवाज थेट यादीपाशी येऊ लागला: "बारापैकी पान दोन."

मास्तर सरसावून बसले. तीन, चार, पाच. सुनेने जेवायला हाक मारली, त्यांनी ऐकलंच नाही.

"मास्तर, आणखी काही खटकतंय का?" मावशीने विचारलं.

"शू! मला सापडलंय काहीतरी. ऐकू द्या."

मावशीने हसून लॅपटॉप पिशवीत भरला आणि सुनेला खुणेनेच निरोप देऊन ती बाहेर पडली.