लाखेच्या पाकिटातल्या तेरा चाली

भुताखेतांवर माझा विश्वास तेव्हाही नव्हता, आजही नाही. आई-वडील नागपूरला दीक्षा घेऊन आले, त्याच आठवड्यात घरातले देव, गंडे, ताईत सगळं गेलं. तरी हे लिहितोय... कारण साठ वर्षं होत आली, राग जात नाही.

मी तेव्हा अमरावतीच्या एका सरकारी ऑफिसात कारकून. बुद्धिबळ पुस्तकातून शिकलो. अकोल्याला जुन्या शहरात, मोर्णा नदीच्या पलीकडे एका शाळेच्या हॉलमध्ये टुर्नामेंट होती — अमरावती विरुद्ध अकोला. माझ्यासमोर अकोल्याचे एक नामांकित वकील.

माझा एक हत्ती कमी होता, हरणारच होतो. पण मला वजिराचे शह सापडले. शह दिला की त्यांचा राजा कोपऱ्यात, पुन्हा शह दिला की बाहेर. तीच स्थिती पटावर तिसऱ्यांदा येणार हे दिसताच मी चाल लिहिली, घड्याळ थांबवलं आणि ड्रॉ मागितला. तीच स्थिती तीनदा आली की ड्रॉ, नियमच आहे तसा.

वकीलसाहेब शांतपणे म्हणाले, "दोनदाच झालं. तिसऱ्यांदा कवा झालं? मले तं नाही आठवून राहिलं."

"माह्या कागदावर सगळं लिहून हाये, साहेब."

पंच म्हणजे एक रिटायर्ड हेडमास्तर. त्यांनी माझा कागद पाहिलाही नाही. "तुमचा कागद तुमीच लिहिला. दोन्ही कागद जुळाले पायजे."

वकिलांनी एकतिसाव्या चालीनंतर लिहिणंच सोडलं होतं. खाली कोरा कागद. हे पंचांनी पाहिलं, मी पाहिलं, भोवती उभ्या दहा-बाराजणांनी पाहिलं.

मग वकील हसून म्हणाले, "तुमी लोकं कालपरवा खेळ शिकले, अन् आमाले नियम सांगून राहिले."

'तुमी लोकं.' माझ्या टीमचे चारजण होते, ते आपापल्या पटाकडे वळले.

पंच म्हणाले, जेवणानंतर निर्णय देतो. दोन्ही कागद पाकिटात घातले, लाख लावली, वर आम्हा दोघांच्या सह्या. पाकीट त्यांच्या कोटाच्या आतल्या खिशात. आम्ही सगळे एकाच पंगतीला बसलो, पंच माझ्या समोर, वकील त्यांच्या शेजारी. तिघांपैकी कोणी मधे उठलं नाही.

दुपारी दोनला सगळ्यांसमोर पाकीट फोडलं. लाख शाबूत होती, सह्या शाबूत.

पंचांनी वकिलांचा कागद उघडला आणि माझ्या कागदाशेजारी धरला. बत्तीस ते चव्वेचाळीस, तेरा चाली लिहिलेल्या होत्या. वकिलांच्या हिरव्या शाईत, त्यांच्याच तिरप्या अक्षरात, माझ्या कागदाशी तंतोतंत जुळणाऱ्या. तीच स्थिती तीनदा.

वकिलांनी कागद हातात घेतला. "अक्षर माहं हाये," ते म्हणाले. "पण म्या हे लिहिलं नाही."

आता तरी कोणी म्हणेल, पोरगा खरं बोलत होता... नाही. पंचांनी पटाकडे न बघता घाईघाईत सांगितलं, "ड्रॉ देऊन टाका. भानगड नको." वकील उठून गेले.

आणि मग कुजबुज सुरू झाली. करणी केली म्हणे. दुसऱ्या दिवशीच्या प्रतिस्पर्ध्याने माझ्याशी हात मिळवला नाही. खेळण्याआधी माझी प्यादी रुमालाने पुसून घेतली. सकाळी मी खोटारडा होतो, संध्याकाळी चेटक्या. खरं बोलणारा माणूस मी त्या हॉलमध्ये एक मिनिटही झालो नाही.

परतताना एस.टी. मूर्तिजापूरला थांबली. आमचा कॅप्टन चहाचा कप माझ्या हातात देत हळूच म्हणाला, "काय केलं होतं बे? मले तरी सांग."

मी चहा तसाच रस्त्यावर ओतला. त्यानंतर टीमकडून कधी खेळलो नाही.

शाई, लाख, कोट, पंगत — सगळं हजारदा तपासून पाहिलं मनात. त्या चाली कागदावर कोणी लिहिल्या, मला आजही माहीत नाही. पटावर त्या झाल्या होत्या, एवढं मला माहीत आहे. आणि ते वकिलांनाही माहीत होतं.