दौलत घाडींनी इंजिनाचा रंग कसा पकडला

भोईवाड्यात मागच्या गल्लीत दौलत घाडींचा गाळा आहे. गाळा म्हणजे काय, दोन माणसं आत शिरली की तिसऱ्यानं चहा बाहेरच घ्यायचा. पण जुन्या गाडीचा दरवाजा एका रंगाचा आणि बॉनेट दुसऱ्या रंगाचं झालं, की लोक इथेच येतात. कॉम्प्युटरवर रंग जुळवणारी दुकानं पैशाला पासरी झाली, तरी येतात. कारण दौलतकाकांचा डोळा.

तो डोळा मिलमध्ये तयार झाला. अठराव्या वर्षी काका रंगखात्यात लागले आणि मिल बंद पडेपर्यंत कापडाच्या शेडी, म्हणजे रंगछटा, जुळवत राहिले. खात्याची शिस्त कडक. शेड बघायची ती उत्तरेच्या खिडकीत, उन्हात नाही. बघण्याआधी पांढऱ्या मलमलीच्या तुकड्यावर नजर ठेवून डोळा धुऊन घ्यायचा. ताका म्हणजे कापडाचा अख्खा तागा. शेड चुकली, तर तपासनीस तोंड उघडायच्या आत रंगाऱ्यानं स्वतःच ओरडायचं, "ताका परत!" जुळली, तर अख्खं खातं ओरडायचं, "ताका पास!" मिल गेली, मलमलीचा तुकडा मात्र काकांच्या खिशात अजून आहे.

यंदा जानेवारीत दादरच्या सुचित्रा पाटकर आल्या. वडिलांची १९५४ सालची जीप त्यांनी दोन वर्षं खपून उभी केली होती. रविवारी जुन्या गाड्यांचं प्रदर्शन होतं, आणि तिथले परीक्षक बॉनेट उघडून बघणार होते. बाकी सगळं झालं होतं, अडलं होतं ते इंजिनाच्या रंगापाशी.

"काका, इंटरनेटवर एक म्हणतो काळा, दुसरा हिरवा, तिसरा राखाडी. आणि तिघं एकमेकांना शिव्या घालतायत."

"त्यांना घालू दे शिव्या. आपण इंजिनालाच विचारू," काका म्हणाले.

बोलले झोकात, पण खात्री नव्हती. तीनच आठवड्यांपूर्वी त्यांच्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला होता, डावा अजून बाकी होता. गल्लीत कुजबुज सुरू झाली होती, म्हातारा संपला म्हणून. काकांनी घरी बायकोला, मीराबाईंना, सांगून टाकलं होतं, "हा रंग चुकला तर शटर खाली. कायमचं."

लालबागला मेकॅनिक प्रफुल्लच्या गॅरेजात जीप उभी होती. काकांनी इंजिनावर ब्लेड चालवलं. वर काळा, त्याखाली चंदेरी, त्याखाली निळा, आणि अगदी तळाशी हिरवट राखाडी. सापडला! काकांनी त्यावरून रंग घोटला, आणि प्रफुल्लनं बुधवारपर्यंत इंजिन रंगवून चकाचक केलं. सुचित्राताई तर टाळ्या वाजवायच्या बाकी होत्या.

गुरुवारी सकाळी काकांनी नमुन्याची पत्री, त्याच रंगात रंगवलेला पत्र्याचा तुकडा, घरी खिडकीत ठेवली. मीराबाई पोळ्या टाकता टाकता म्हणाल्या, "अहो, माका तर ह्यो पिवळट दिसता."

"तुला काय कळतं गो रंगातलं?" काका वसकन ओरडले. मग गुपचूप त्यांनी डावा डोळा हातानं झाकला. उजव्यानं पाहिलं. उजवा झाकून डाव्यानं पाहिलं. एकच पत्री, दोन रंग! दोन्ही डोळे उघडे ठेवून जुळवलं होतं, आणि मोतीबिंदूवाला डावा डोळा सगळ्यावर हळद शिंपडत होता, म्हणून रंगातला जास्तीचा पिवळा कळलाच नव्हता.

तसेच उठून काका लालबागला गेले. आता एकच डोळा उघडा ठेवून त्यांनी ब्लेड मारलेल्या जागेवरचा नवा रंग खरवडून ती पुन्हा पाहिली. दुसरी चूक तिथेच सापडली. ती जागा सायलेन्सरच्या पाइपाला लागून होती. सत्तर वर्षं शेकून आणि तेल पिऊन तिथला रंगच बदलला होता. गरम नळाला चिकटलेल्या कापडावरून शेड घ्यायची नाही, हे मिलमधलं पोरसुद्धा सांगेल. काकांना स्वतःची शरम वाटली.

गप्प बसता आलं असतं. रंग सुंदर दिसत होता, गिऱ्हाईक खूश होतं. पण काकांनी सुचित्राताईंना फोन लावला आणि ठणकावून सांगितलं, "ताई, ताका परत. माझी शेड चुकली."

प्रफुल्लनं कपाळावर हात मारला. "काका, रविवार तोंडावर आलाय, कळतंय का तुम्हाला?"

"कळतंय. ती नंबरची पट्टी काढ आधी."

इंजिनावर रिव्हेट मारून बसवलेली पितळी पट्टी प्रफुल्लनं कुरकुरत उचकटली. खाली अंगठ्याएवढा ठिपका होता. त्याला ना आच लागली होती, ना तेल, ना उजेड. स्वच्छ राखाडी, आत निळ्याची किंचित झाक. काकांनी मलमलीनं डोळा धुतला, डावा डोळा पट्टीनं बांधून टाकला, आणि उत्तरेकडच्या दारात उभं राहून थेंबाथेंबानं रंग घोटला. सात वेळा मोडला. आठव्याला हात थांबला. शनिवारी संध्याकाळी इंजिन नव्यानं रंगून तयार होतं.

रविवारी काका मीराबाईंना घेऊन प्रदर्शनात गेले. परीक्षक पांढऱ्या मिशांचे, मोजकं बोलणारे. त्यांनी पिशवीतून मेणकागदातलं एक पुडकं काढलं. त्याच सालच्या जीपचं इंजिनाचं झाकण, कारखान्यातून आल्यापासून कधीच न वापरलेलं. प्रत्येक जीपला ते हेच झाकण लावून बघत होते, आणि सकाळपासून एकही जुळली नव्हती.

"साहेब, आधी ह्याच्याकडे बघा," म्हणत काकांनी मलमल पुढे केली. परीक्षक हसले, पण त्यांनी पाहिलं. मग कागद सोडून झाकण इंजिनाला टेकवलं.

झाकण कुठे संपतं आणि इंजिन कुठे सुरू होतं, ते दिसेना. परीक्षकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "हा रंग कुणी केला?"

सुचित्राताईंनी काकांचा हात धरून त्यांना पुढे ओढलं. काकांचे दोन्ही डोळे भरून आले होते, नवा आणि जुना.

आणि मागून, चाळीस वर्षं नवऱ्याच्या तोंडून ऐकलेलं पण स्वतः कधीच न उच्चारलेलं, मीराबाई सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असं ओरडल्या, "ताका पास!"