ठोकळे घेऊन बेंगलोरला

आम्ही तिघं एकत्र जेवायला बसलो की बेंगलोरची कॉन्फरन्स निघतेच. इतकी वर्षं झाली, पण किस्से काही संपत नाहीत! तिघं म्हणजे मुरबाडला कॉम्प्युटर क्लास चालवणारा मी, माझा भागीदार भोईर आणि डोळखांबकडच्या शाळेतल्या कल्पना मॅडम. पाड्यांवरच्या मुलांसाठी आम्ही एक खोका बनवला होता. वर चित्राचा लाकडी ठोकळा ठेवला की खोका बोलायचा. माऊस नाही, कीबोर्ड नाही. अशाच हाताळायच्या कॉम्प्युटरांची ती कॉन्फरन्स.

*

भोईरनं वडिलांना समजावलं, "हातानं चालवायच्या कॉम्प्युटरची मोठी सभा आहे."

म्हातारा म्हणाला, "मंग आतापरत तुमी पायानं चालवत व्हते का रे?"

*

कल्याण स्टेशनवर पोलिसानं बॅग उघडायला लावली. वायरी बघून तो मागेच सरला. "शैक्षणिक आहे, साहेब!" म्हणत भोईरनं घाईघाईत एक ठोकळा ठेवला. नेमका गाईचा! खोका स्टेशनभर हंबरला.

पोलिस म्हणाला, "न्या. पण गाडीत हिला पाणी पाजा!"

*

हॉलमधल्या पहिल्याच टेबलावर इंग्रजीत पाटी होती : 'कृपया हात लावू नये.'

भोईर कुजबुजला, "आपल्या स्टँडवरच्या मिठाईवाल्याचीच पाटी! त्यानंपण इथे पेपर वाचलाय वाटतं!"

*

एका परदेशी बाईंनी विचारलं, लाकूडच का? मॅडमनी पाठ केलेलं उत्तर ऐन वेळी पळालं. त्या एवढंच म्हणाल्या, "फर्स्ट कार्डबोर्ड. गोट एट इट!"

बाई हसून बेजार. मग दिवसभर एकेकाला धरून आणायच्या, "टेल हिम द गोट!"

*

आणि ते अमेरिकेतले प्रोफेसर. पिकलेले केस, कडक चेहरा. सगळ्यांना इंग्रजीत उभं-आडवं घेत होते. मॅडम तर त्यांना लांबून बघूनच घामाघूम!

खोक्यातला आवाज आमच्या ठमाबाईंचा, पाड्यावरच्या. प्रोफेसरांनी वाटीचं चित्र असलेला ठोकळा उचलून ठेवला. ठमाबाई बोलल्या, "ये रे बाला, पेज पी."

प्रोफेसरांनी ठोकळा उचलला, परत ठेवला. "ये रे बाला, पेज पी." परत.

जेवणाची सुट्टी झाली, हॉल रिकामा झाला. ते तिथेच उभे. शेवटी मॅडमनी धीर करून इंग्रजीत विचारलं, "सर, यू कमिंग फॉर लंच?"

त्यांनी वर पाहिलं नाही.

"येतो गो," ते म्हणाले. "आय बोलावते, तवढं आयकू दे."