बाहेरचे फौजी

"पदकं काढ आन गेटवर थांब. गाड्या लावून घे."

हे मला सर्जेराव बोलला. माझ्या बायकोदेखत. सांगलीत कारगिलच्या जवानांचा सत्कार होता. मी इस्त्रीचा कोट घालून, पदकं लावून आलो होतो. सर्जेराव माझ्याच तुकडीतला, आता माजी सैनिक संघटनेचा अध्यक्ष. आत फेटे बांधणं सुरू होतं.

मला चेष्टा वाटली. म्हणालो, "आरं, मीबी तिथं व्हतो की."

"व्हतास. पर हितं घरंदाज माणसं बसल्यात. तुझं नाव पुकारलं की आडनाव इचारत्यात. समजून घे गड्या."

मी समजून घेतलं. पदकं खिशात टाकली. गाड्या लावल्या. बायको एकटीच रिक्षा करून घरी गेली.

माझं गाव फलटणकडचं. आम्ही बौद्ध. पलटणीत सर्जेराव आणि मी एका ताटात जेवलोय. बर्फात पाय बधिर झाले की एकमेकांच्या काखेत घालून ऊब दिलीय. तेव्हा त्याने आडनाव विचारलं नव्हतं. रिटायर झाल्यावर त्यानेच बोलावलं, "गावात काय ठेवलंय? सांगलीला ये. मी हाय." कुपवाडला एका कारखान्यात वॉचमन म्हणून चिकटवलं. मी त्याला भाऊ मानत होतो. म्हणून तर गाड्या लावल्या.

कुपवाडात असे आम्ही बरेच होतो. बाहेरून आलेले माजी फौजी, एकेका गेटवर उभे. बिहारचा रामसेवक. कर्नाटकातल्या अथणीकडचा सिद्दप्पा. संघटनेच्या कार्यक्रमाला खुर्च्या मांडायला आम्ही लागायचो. सभासद मात्र कुणालाच करून घेतलं नव्हतं.

एक दिवस रामसेवक सकाळच्या पाळीला गेटवरच कोसळला. दवाखान्यात नेईपर्यंत संपला. त्याची बायको रडत नव्हती. तिने एवढंच मागितलं, "इनको फौजी की तरह भेजना, भैया."

फौजी वारला की संघटनेची माणसं टोप्या घालून स्मशानात सलामी देतात. मी सर्जेरावच्या घरी गेलो. तो ओसरीवर होता. बस म्हणाला नाही.

"बाहेरच्या माणसापायी कुणाकुणाला गोळा करू? मला साखर कारखान्यावर मीटिंग हाय."

"तो फौजी हाय, सर्जेराव."

"असंल. आपल्यातला न्हाई."

"आन मी?"

तो उठला. खाली वाकून चपला घालायला लागला.

त्या वाकलेल्या पाठीकडे मी बघत राहिलो. बर्फात मी याच माणसाला रात्र रात्र जागवलं होतं, झोपलास तर मरशील म्हणून. सभागृहाच्या दारात मी समजून घेतलं होतं. आता समजलं.

स्मशानात आम्हीच गेलो. सुट्टी कुणालाच मिळाली नव्हती. पाळी टाकून, वॉचमनच्याच कपड्यांत. 'सावधान! सॅल्यूट!' मी म्हणालो. आवाज फाटला. पण हात सगळ्यांचे एकदम वर गेले.

तिसऱ्या दिवशी रामसेवकच्या बायकोच्या, आमच्या भाभीच्या खोलीत बसलो. बाहेरून आलेल्या माजी सैनिकांची संघटना तिथेच झाली. अध्यक्ष कोण, यावर सगळे माझ्याकडे बघायला लागले. सिद्दप्पा म्हणाला, "भाभीला करू या."

"मैं कहाँ फौजी हूँ?"

"रामसेवक बॉर्डरवर असताना घर कुणी सांभाळलं?"

भाभीने पदर सारखा केला. नाही म्हणाली नाही.

फलक लागला आणि सर्जेराव आला. बुलेटवरून उतरलासुद्धा नाही.

"येगळी चूल कशाला मांडतोस? तुला एकट्याला आत घेतो. ह्यांचा नाद सोड."

"रामसेवकला का न्हाई घेतलंस?"

"तुला सांगलीला कुणी आणला, इसरलास का?"

"न्हाई इसरलो. तूच आणलास. गेटवर उभा करायला."

त्याने गाडी वळवली. त्यानंतर आमचं बोलणं नाही.

आता कुपवाडात बाहेरचा फौजी गेला की आम्ही जातो. जात विचारत नाही, गाव विचारत नाही. परवा बायको म्हणाली, "आवं, सर्जेराव गेलं तर जाणार का?"

जाईन. फौजी होता म्हणून सलामी देईन. खांदा देणार नाही.