काशीयात्रेपुरते पाय

राग आला की तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात. नटराजरावांची आग तळपायातच मुक्काम ठोकून होती. साखरेच्या आजारानं पायांच्या नसा बिघडल्या होत्या. पांघरुणाचं टोक लागलं तरी निखाऱ्यावर पाय पडल्यासारखं होई. ओरत्तनाडूच्या सरकारी कचेरीत हेडक्लार्क असताना त्यांनी कित्येकांचे अर्ज बिनघोर परत पाठवले होते. हे दुखणं मात्र काही केल्या परत जाईना.

त्यात वैशाखात सौम्याचं, त्यांच्या एकुलत्या मुलीचं लग्न. तंजावरच्या मराठी घरांत लग्नाच्या सकाळी नवरा मुलगा छत्री-काठी घेऊन रुसल्यासारखा काशीला निघतो आणि मुलीच्या बापानं अनवाणी मागं जाऊन, गयावया करून त्याला परत आणायचं असतं. रुसणं खोटं, गयावया खोटी. रस्ता तेवढा खरा. नटराजरावांना घरातल्या घरातही चालवत नव्हतं. धाकटा भाऊ जयतीर्थ मात्र तयारीत होता.

"अण्णा, तू खुर्चीवर बस आरामात. काशीयात्रेला मी जातो. लोकांना काय, बाप काय नि काका काय."

"मी अजून जिवंत आहे," नटराजराव म्हणाले. त्या दिवसापासून सौम्याच्या नवऱ्यामागं आपणच चालायचं, हा एकच ध्यास त्यांनी घेतला.

गावातल्या एका खासगी संशोधन केंद्रात डॉक्टर भरद्वाज नसांच्या दुखण्यावर वनस्पतींची तेलं लावून पाहत होते. काही बाटल्यांत औषधी तेल, काहींत साधं. कुणाला कोणतं मिळालं हे लावणाऱ्यालाही माहीत नाही आणि डॉक्टरांनाही नाही. बाटलीवर नुसता आकडा. नटराजरावांना मात्र बाटली हातात पडताच कळलं.

"औषधीच आहे. आमचे पूर्वज राजांच्या पदरी होते. आम्हाला साधं कोण देईल?"

केंद्रातर्फे विनुता दर आठवड्याला घरी येई. ती राजवाड्यामागच्या त्यांच्याच गल्लीतली. दुखणं दहापैकी किती, एवढंच ती विचारी. पहिल्यांदा नटराजरावांनी नऊ सांगितलं. मग सात. मग एके दिवशी पाय पुढं करून ते म्हणाले, "तीन लिही, पोरी. आणि डॉक्टरांना सांग, ह्यात त्यांचं काही नवीन नाही. सरस्वती महालाच्या ग्रंथालयात सगळं मोडीत लिहून ठेवलेलं आहे."

"तुम्ही वाचलंत, मामा?"

"मोडी मला येत नाही. पण आमचं आहे ते."

संध्याकाळी देवळाच्या ओट्यावर बसून ते येणाऱ्याजाणाऱ्याला वनस्पतींचं शास्त्र समजावू लागले. वनस्पती कोणती, हे विचारलं की म्हणत, ते गुप्त आहे.

लग्नाच्या आठवड्यात विनुता आली, तशी दारातच थांबली.

"मामी, हा ओव्याचा वास कसला?"

"तेलाचा," वरलक्ष्मीबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "मिरे, ओवा, सुंठ, वेखंडाचा तुकडा घालून तापवते मी. कच्चं तेल कुणी अंगाला लावतं होय?"

"मामी, त्यात काही मिसळायचं नाही, तापवायचं नाही, असं मी सांगितलं होतं."

"ह्यांना सांगितलं होतंस. चुलीपाशी मी असते."

नटराजरावांनी बायकोकडे पाहिलं. परवानगीशिवाय फायलीवर शेरा मारणाऱ्या कारकुनाकडे ते पूर्वी असंच पाहत.

"मला का बोलली नाहीस?"

"बोलू कधी? मी पाय चोळते तेव्हा तुमचे राजे चालू असतात."

विनुतानं वही काढली. मग म्हणाली, "मामा, हे मला कळवावं लागेल. बाटली परत न्यावी लागेल."

"लग्न होऊ दे. मग कळव. चार दिवसांनी कुणाचं काय बिघडतं?"

"तुमच्या कचेरीत चालवून घेतलं असतंत तुम्ही असं?"

नटराजरावांना आठवलं, एकदा सख्ख्या मेव्हण्यालाही त्यांनी खिडकीतूनच परत पाठवलं होतं.

"नसतं," ते म्हणाले आणि बाटली तिच्यापुढं सरकवली. "मग मला बरं वाटलं ते कशानं?"

"ते आता डॉक्टरांनाही कळायचं नाही."

केंद्रात परत गेल्यावर विनुतानं चाचणीतल्या बाकीच्या घरी चौकशी केली. कुठं मिरे, कुठं नागवेलीचं पान, एका ठिकाणी तर जिरं. गार तेल कुठल्याच घरी लागलं नव्हतं. डॉक्टर भरद्वाजांनी सगळ्या बाटल्या परत मागवल्या. चाचणी नव्यानं सुरू करायची ठरली. या खेपेला सूचना पुरुषांना द्यायच्या नाहीत, असंही ठरलं.

इकडे वरलक्ष्मीबाईंनी डब्यातलं तिळाचं तेल काढून तसंच तापवलं. नटराजरावांनी पाय पुढं केले, पण तिचं मन मोडू नये म्हणून फक्त, असं ते दोनदा बोलून दाखवायला विसरले नाहीत.

लग्नाचा मुहूर्त उशिराचा निघाला. काशीयात्रा निघाली तेव्हा उन्हानं डांबर मऊ झालं होतं. मंगल कार्यालयाच्या गार फरशीवर नटराजराव छान चालले. रस्त्यावर चौथ्या पावलाला आग जागी झाली. पुढं जावई शिवराज, पायांत चपला, डोक्यावर छत्री. आणि फोटोग्राफर त्याला सांगतोय, अजून थोडं पुढं, अजून थोडं.

"अण्णा, होत नसेल तर मी..." जयतीर्थ कानाशी लागला.

नटराजरावांनी त्याला बाजूला सारलं. जवळजवळ पळत जाऊन त्यांनी शिवराजचा हात धरला.

"बाबा, परत चल. मुलगी घे, हवं तर घर घे, पण हात जोडतो, इथून परत चल."

त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मागच्या बायकांनी पदर डोळ्यांना लावले; एवढ्या मनापासून विनवणारा सासरा त्यांनी पाहिला नव्हता. शिवराज घाबरून मागं वळला. पण नटराजराव थांबले नव्हतेच. परतीच्या वाटेवर सासरा भरभर पुढं आणि छत्री सावरत जावई मागं, अशी वरात कार्यालयाच्या दारात पोचली आणि सौम्याचा बाप स्वतःच्या पायांनी मांडवात आला.