फ्लॉपीतला काठ

भंडाऱ्यात जुने कॉम्प्युटर चालू करून देणारा म्हणून लोक माझ्याकडे येतात. वर्तमानपत्राची नोकरी संपल्यावर हे काम आपोआप गळ्यात पडलं. बहुतेकांना फोटो हवे असतात, काहींना जुना पत्रव्यवहार. काम झालं की ते निघून जातात आणि यंत्र इथेच राहतं. घरात आता जागा नाही. मलाही फारसा उत्साह उरलेला नाही.

गेल्या उन्हाळ्यात गल्लीतल्या वहिनी आल्या. त्यांच्या घरात हातमागाच्या साड्यांचा व्यवसाय चालत आलेला. त्यांचे यजमान आदल्या वर्षी गेले. ते साड्यांचे काठ स्वतः आखायचे. त्यासाठी नागपूरच्या एका शाळेने मोडीत काढलेला घरगुती कॉम्प्युटर त्यांनी आणला होता. कीबोर्डच्याच पेटीत सगळं यंत्र, पडदा म्हणून टीव्ही, आणि बाजूला मोठ्या, पातळ फ्लॉपीचा ड्राइव्ह. पडद्यावर एकेक चौकोन भरत काठ तयार व्हायचा. तो ग्राफच्या कागदावर उतरवून त्यावरून मागावर नक्षी उठवणारे भोकांचे पत्ते बनत.

वहिनींना एकच काठ हवा होता. वर करवतीचे दाते आणि त्यांच्याखाली ओळीने धानाच्या लोंबी. यजमानांनी तो आखून टीव्हीवर त्यांना दाखवला होता आणि बाजारात चालणार नाही म्हणून ठेवून दिला होता. तो कधी विणला गेला नाही. आता त्यांचा एकच माग उरला होता, पवनीला. तिथला म्हातारा विणकर पावसाळ्याआधी तो कायमचा उतरवून ठेवणार होता. मागाच्या खड्ड्यात उतरणं त्याच्या गुडघ्यांना झेपत नव्हतं.

"त्यायनं माग उतरवला का संपलं, भाऊजी," वहिनी म्हणाल्या. "मंग काठ सापडला तरी इनते कोण?"

यंत्र सुरू झालं. ड्राइव्ह झाला नाही. मोटर जळलेली होती. जवळच्याच शहापूरच्या एका भंगारवाल्याकडे ऑफिसच्या पीसीतून काढलेला त्याच मापाचा ड्राइव्ह मिळाला, पण तो सरळ जोडून भागत नाही. पीसीतला ड्राइव्ह दुसऱ्या क्रमांकाच्या हाकेला ओ देतो आणि हे यंत्र पहिल्याच क्रमांकाला हाक मारतं. सर्किटवरची जंपर नावाची टिकलीएवढी टोपी एका पिनेवरून काढून शेजारच्या पिनेवर बसवावी लागते. फिरण्याचा वेग उतरवावा लागतो. शिवाय जुन्या फ्लॉपीवर माहितीच्या रेघा विरळ आणि या ड्राइव्हचं वाचणारं हेड दाट रेघांच्या सवयीचं. एका आदेशावर हेडने दोन पावलं टाकावीत म्हणून एक छोटं सर्किट जोडलं. डोळ्यांना आता सोल्डरचे डाग देणं जमत नाही. एकेक जोड परत परत करावा लागला.

ड्राइव्ह तयार झाला, तर फ्लॉपी फिरेना. बाहेरचं काळं पाकीट पापडासारखं वाकलं होतं आणि आतली चकती त्यात अडकली होती.

"ह्या ठेवल्या कुठी होत्या?" मी विचारलं.

"साड्यायच्या पेटीत. मलमलच्या फडक्यात."

"मंग वाकल्या काहून?"

"वाकतीन कश्या? मी तं दरवर्षी ऊन दाखवत होती. रेशमासंगं."

रेशमाला कसर लागू नये म्हणून साड्या वर्षातून एकदा बाहेर काढून उन्हात पसरतात. त्या घरात जपायच्या वस्तूला दुसरी वागणूक नव्हती. मी वाकलेल्या पाकिटाकडे पाहत राहिलो, तसं वहिनींच्या लक्षात आलं.

"ऊन नव्हतं दाखवाचं का?"

"नव्हतं."

"ते पायत होते ना. हासत. म्हणत, घे, आता फ्लॉपीलेई हळद-कुंकू लाव." त्यांनी पाकिटाची वाकलेली कड बोटाने दाबून पाहिली. "नको कर, असं नाही म्हटलं कधी."

पाकीट ब्लेडने कापून चकती बाहेर काढली. दुसऱ्या चांगल्या फ्लॉपीचं पाकीट एका कडेने उघडून त्यात ती सरकवली. ड्राइव्ह फिरू लागला. वहिनी स्टूल घेऊन टीव्हीसमोर बसल्या.

काठ वरून खाली उमटत गेला. आधी दाते, मग लोंबींचे देठ, मग वरचे दाणे. तिथे पडदा थांबला आणि चूक असल्याचा संदेश आला. पुन्हा वाचलं, तिथेच थांबला. हेड पुसलं तेव्हा कापसावर तपकिरी भुकटी आली. ती चकतीवरच्या लेपाची होती; काठ त्या लेपातच नोंदलेला. प्रत्येक प्रयत्नात हेड चकती खरवडत होतं. पुढच्या वेळी होतं तेवढंही आलं नाही. आधीच्या वेळी पडद्याचा फोटो घेतला होता, तोच राहिला. त्यात प्रत्येक लोंब मधोमध तुटलेली होती.

"आणखीन एकदा?" वहिनींनी विचारलं.

मी नाही म्हटलं. त्यांनी स्टूल उचलून जागेवर ठेवलं.

फोटो ग्राफवर उतरवून आम्ही पवनीला गेलो. विणकराने कागद दाराच्या उजेडात धरला.

"लोंब अर्धीच हाये, बाई."

"हो."

"खालची मी पुरी करून देतो. लोंब कशी राह्यते, मले माहीत नाही का?"

"तुमची लोंब नको, काका. त्यायची पायजे."

"त्यायची अर्धी इनली तं लोक म्हणतीन, म्हाताऱ्याले दिसत नाही. जाता जाता काठ बिघडवून गेला."

"लोकायले दाखवते कोण? मीच नेसीन."

"नेसान तुमी. पण हात कोणाचा, हे तं पवनीत सारेच ओळखतेत."

दोघांचंही खरं होतं. वहिनींनी हात पुढे केला.

"राहू द्या मंग. नका इनू. आणा तो कागद."

विणकराने कागद दिला नाही. "थांबा जी. घाई काहून करता?" म्हणाला, आणि सुनेला चहा ठेवायला सांगून तो लोंबींच्या तुटलेल्या कडेवरचे चौकोन बोटाने मोजत बसला.

साडी मागावरून उतरल्याचा निरोप आला तेव्हा आभाळ भरून येऊ लागलं होतं. काठ स्वच्छ होता. दाते सरळ, देठ बारीक, आणि प्रत्येक लोंब एकाच ओळीत कापलेली. त्याखाली साडीचं कोरं अंग. वहिनींनी त्या कापलेल्या कडेवरून बोट फिरवत नेलं आणि साडी मांडीवर ठेवली.

"कोणी इचारलं तं सांगजा," विणकर म्हणाला, "मशीनची चूक हाये. हाताची नाही."

"सांगीन," वहिनी म्हणाल्या.

चूक मशीनची नव्हती, उन्हाची होती. मीही तसंच सांगणार होतो. विणकराने मागाच्या दोऱ्या सोडायला घेतल्या आणि एक टोक माझ्या हातात दिलं.