आधी वास घेणारा माणूस

नळदुर्गला गाडीत म्युझिक बसवून देणारा आमच्या ओळखीचा माणूस मूळचा तेरखेड्याचा, फटाके करणाऱ्या घरातला. बॅटरीला शिवण्याआधी तो, फटाक्याच्या दारूजवळ जाताना करतात तसा, अंगातली वीज उतरावी म्हणून तळहात जमिनीला टेकवतो, मग गाडीचा वास घेतो. मी हसायचो.

पुतणीच्या लग्नाला निघालो आणि दुसरीकडून बसवून घेतलेला वूफर, गाडीतला दणक्याचा स्पीकर, सारखा बंद पडू लागला. मेहुण्यांनी उडालेल्या फ्यूजच्या जागी तांब्याची तार बसवली. गाणं दणक्यात सुरू झालं, पण ठोक्यागणिक गाडीचे दिवे मंद व्हायचे. म्हणून वाटेत नळदुर्गला त्या ओळखीच्या माणसाकडं थांबलो.

त्यानं वास घेतला. बॉनेट न उघडता मागचं दार उघडलं आणि आधी लेकरं खाली उतरवली.

"काका, तुमी बी लांब व्हा. वूफर लई मोठा, अ‍ॅम्प्लिफायर त्याच्या जोडीचा न्हाय, वायर बारीक. फ्यूज ओरडून सांगत हुता, तुमी त्याचं तोंड बांधलं."

"वाजतंय तर झक्कास," मेहुणे म्हणाले.

"व्हय. आमच्या गावात बी फटाक्याची दारू पेटली की आधी झक्कासच दिसतंय."

बॅटरी सोडवून त्यानं मागची मॅट उचलली. वायरचं प्लास्टिक वितळून चिकटलं होतं. तिथंच आमची धाकटी पाय ठेवून बसली होती.

लग्नाला गाण्याविना पोचलो. आता गाडीत बसण्याआधी मी वास घेत उभा राहतो. घरचे हसतात.